ग्रुपवर टाकलं म्हणजे सांगितलं नव्हे

प्रिय मुली,

परवा फोनवर तू तीनदा विचारलंस, "सर, यात माझं काम नेमकं काय?" स्वयम्‌वरचा एनपीटीईएलचा कोर्स. स्वयम् म्हणजे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ, एनपीटीईएल म्हणजे आयआयटी आणि आयआयएससीचा त्यावरचा उपक्रम. शिकवणारे प्राध्यापक मद्रासच्या आयआयटीत, शंका सोडवणारे त्यांचे सहायक तिथेच, श्रेयांक (क्रेडिट्स) तुमच्या विद्यापीठाचे, मुलं तुझ्या वर्गातली आणि तू 'मेंटर'. मेंटरने करायचं काय, हे ना प्राचार्यांनी सांगितलं, ना तू विचारलंस. का नाही विचारलंस? नवीन आहेस म्हणून? नवीन असतानाच विचारता येतं गं.

आता ऐक. मुलाचा प्रश्न आला की तो कुणाचा, हे ठरवायचं आणि त्या माणसापर्यंत तो पोचला की नाही, हे बघायचं. व्हिडिओतलं गणित अडलं तर कोर्सच्या चर्चामंचावर, तेही मुलाला शेजारी बसवून, त्याच्याच हाताने लिहून घ्यायचं. श्रेयांक कुठल्या विषयाऐवजी मिळणार, हे परीक्षा विभागाचं. तेही लेखी घे, कोर्स सुरू व्हायच्या आधी. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२१ मध्ये सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक स्वयम्‌मधून घ्यायची मुभा दिली, म्हणजे हा आता हौसेचा मामला उरलेला नाही. "पुढे पाठवते" हे उत्तर मात्र मला तुझ्या तोंडून ऐकायचं नाही.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो. कोर्सच्या माझ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ८४ मुलं होती. कोर्सला नाव फुकट घालता येतं, पण परीक्षेची नोंदणी वेगळी, शुल्क भरून, मुदतीच्या आत. ती तारीख मी तीनदा टाकली. निळ्या खुणा आल्या, मी निर्धास्त. एक मुलगा रात्रपाळी करून शिकत होता. दर आठवड्याची असाइनमेंट वेळेवर, पंचवीसपैकी बावीसच्या आसपास गुण. उरलेल्या ७५ गुणांच्या परीक्षेचं प्रवेशपत्र आलं नाही म्हणून तो माझ्याकडे आला. तडा गेलेल्या मोबाइलवर त्याने पहिल्या आठवड्याचा मेल दाखवला: तुमची नोंदणी यशस्वी झाली आहे. "सर, मी तर केलंय की रजिस्ट्रेशन!" दोन्हीकडे शब्द तोच. त्याने एकदा केलं, त्याच्या दृष्टीने विषय संपला.

परीक्षा नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही म्हणून श्रेयांक नाहीत. प्राचार्यांनी बोलावलं, मी तिन्ही मेसेजचे स्क्रीनशॉट दाखवले आणि सुटलो. ते अजून आहेत माझ्याकडे. खरं सांगायचं तर नियमाने मी चुकलो नव्हतोच. आठवड्याला १८ तास, वर परीक्षेची कामं, त्यात ८४ जणांना कोण फोन करणार? पण ८४ नव्हते करायचे. परीक्षेची नोंदणी न झालेल्यांची यादी मागवली असती तर पाच-सहाच निघाले असते. ती यादी मागणं कुणाचं काम, हेच आमच्यात ठरलं नव्हतं. मी म्हणत होतो कॉलेजातल्या कोर्स-समन्वयकांचं, ते म्हणत होते माझं.

म्हणून पुन्हा सांगतो, कंटाळलीस तरी ऐक: प्रश्न कुणाचा ते ठरव. कामाची वाटणी एका कागदावर लिहून प्राचार्यांची सही घे. ते कुरकुरतील, "एवढं कशाला?" म्हणतील. तू खुर्चीवरून उठू नकोस.

परीक्षा नोंदणीची मुदत कधी संपते तेवढं आज रात्री मला कळव. आणि रविवारी ये, येताना ती यादी आण. फोन आपण इथूनच लावू. आमच्या गच्चीवर रेंज चांगली येते.

तुझा,
सर