जुनी कार्बनची चाकं घाटात चालतील का?

प्रश्न: नमस्कार दादा, माझ्याकडे सायकलची रिम ब्रेकवाली (ब्रेक रिमलाच घासतो ती) फुल कार्बन क्लिंचर चाकं (टायर रिमच्या कडेत अडकतो ती) आहेत, बारा-तेरा वर्षं जुनी, पण दिसायला नवीकोरी. मित्र म्हणतो कार्बनला एक्स्पायरी असते, काढून टाक. पुढच्या महिन्यात पाचगणीला ग्रुप राइड आहे, येताना पसरणी घाट उतरायचाय. वापरू का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: टाकून देऊ नका, पण ही चाकं लावून पसरणी उतरूही नका, प्लीज.

एक्स्पायरी वगैरे काही नसते. 2009 मध्ये माविक या चाकं बनवणाऱ्या कंपनीने आर-सिस मॉडेलची पुढची चाकं परत मागवली, कार्बनचे स्पोक तुटत होते म्हणून, आणि ती काही जुनी नव्हती. कार्बनचा धागा सहसा दगा देत नाही, ते धागे ज्या रेझिनने धरलेले असतात ना त्याला उष्णता झेपत नाही. घाटात सतत ब्रेक धरून उतरलं की रिम सणसणीत तापते, अल्युमिनियमची असली तर उष्णता पटकन पसरून निघून जाते, कार्बनमध्ये ती तिथल्या तिथेच साठते, मग रेझिन मऊ पडतं आणि टायरमधली तापून वाढलेली हवा रिमची कड बाहेर ढकलते. कड फुगते, थर सुटतात, ट्यूब फुटते, आणि ते नेमकं उतारावर वळण घेताना. पुढे कंपन्यांनी जास्त ताप सोसणारं रेझिन आणलं, 2018 पासून रोड रेसमध्ये डिस्क ब्रेकला (तो रिमला नाही, चाकाच्या मधल्या चकतीला घासतो) पूर्ण परवानगी मिळाली आणि नव्या चाकांपुरता विषयच मिटला, पण तुमची चाकं त्याच्या आधीची आहेत.

सपाटीवर वापरायची तर आधी टायर काढा. उजेडात रिमवर ब्रेक घासतो त्या पट्टीवरून सावकाश बोट फिरवा, कुठे उंचवटा किंवा मऊ जागा लागतेय का बघा, पट्टीवर स्टीलची फूटपट्टी आडवी धरा, मधे फट दिसली तर रिम झिजलीय. मग नाण्याने सगळीकडे टकटक करत जा, आवाज एकाच जागी बसका आला तर आत थर सुटलेले असू शकतात, तिथेच थांबा. स्पोकच्या भोकांपाशी बारीक तडे बघा. निपल (स्पोक रिमला धरून ठेवणारे छोटे नट) अल्युमिनियमचे असतील तर घाम आणि पावसाचं पाणी मुरून कार्बनला लागून ते कुजतात, पांढरी पूड दिसते, सगळे बदलून पितळी टाका आणि त्याच वेळी चाकाचा आऊट काढून घ्या, म्हणजे ते डगमगता सरळ फिरेल असं करून घ्या.

ब्रेकचे पॅड कार्बन रिमसाठीचेच हवेत, आणि ते अल्युमिनियमच्या रिमवर वापरलेले नकोत, त्यात धातूचे कण रुतलेले असतात ते रिम ओरबाडतात. लेटेक्स ट्यूब नको, साधी ब्युटाइल घाला. घाटाला अल्युमिनियमची चाकं लावा, दोनतीनशे ग्रॅम जड झाली तरी चालेल!

प्रश्न: सेकंडहँड कार्बन ट्युब्युलर चाकं (टायर रिमला ग्लूने चिकटवतात ती) मिळतायत, स्वस्तात. घेऊ का? (ठाणे)

उत्तर: ट्युब्युलरच्या रिमला टायर धरायची कड नसते त्यामुळे फुगण्याची भीती कमी, पण ब्रेक तापले की ग्लू मऊ होतो आणि जुना ग्लू तर वाळून सुटलेला असतो. विकणाऱ्याला टायर काढून रिम दाखवायला सांगा, तो नाही म्हणाला तर सोडून द्या. घेतलीत तर जुना ग्लू खरवडून नवा लावा आणि एक रात्र पूर्ण वाळू द्या, त्याआधी सायकलवर बसू नका.