प्रवास-शंका : सरोवरातील बेटावर विसावा

प्रश्न : आम्ही पती-पत्नी गेल्या वर्षी निवृत्त झालो. टांझानियातील सेरेंगेटीची सहल ठरवत असताना व्हिक्टोरिया सरोवरातील रुबोंडो बेटावरच्या राष्ट्रीय उद्यानाविषयी समजले. प्राणीही पाहावेत आणि पाण्याकाठी निवांत बसताही यावे, अशी इच्छा आहे. तेथे चिंपांझी हमखास दिसतात का? सहलीच्या शेवटी एक रात्र तेथे काढली तर पुरेल का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : एका रात्रीसाठी रुबोंडोला जाऊ नये. किमान तीन रात्री काढता येत नसतील, तर हे बेट या खेपेस वगळलेले बरे, असे मी स्पष्टच सांगेन. सेरेंगेटीत उघड्या माळावर सिंह, झेब्रे आणि हरणांचे कळप गाडीतून दिसतात. रुबोंडोचा बहुतेक भाग दाट जंगलाने झाकलेला आहे आणि तेथे सिंह किंवा बिबट्या नाही. त्यामुळे ‘काय काय पाहिले’ याची यादी करणाऱ्यांची तेथे निराशा होते. तुम्ही निवांतपणाचा उल्लेख केला आहे, म्हणूनच तीन रात्रींचा आग्रह धरतो.

बेटाचे क्षेत्रफळ सुमारे 240 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या उद्यानाच्या दुपटीहून जास्त आहे. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा त्याला 1977 साली मिळाला, परंतु त्याची कथा त्याआधीच सुरू होते. फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख बर्नहार्ड ग्रझिमेक यांच्या पुढाकाराने 1966 ते 1969 या काळात 17 चिंपांझी येथे सोडण्यात आले. ते जन्माने रानातले असले, तरी पिलू असतानाच पकडले गेले होते आणि त्यांतील काहींची कित्येक वर्षे युरोपातील पिंजऱ्यांत गेली होती. त्यांना कसलेही प्रशिक्षण न देता थेट जंगलात सोडले गेले, आणि तरीही रानातली फळे शोधणे, रात्री झाडावर फांद्या वाकवून घरटे बांधणे हे सारे त्यांना जमले. आज बेटावर दिसतात ते त्यांचे वंशज. जिराफ, हत्ती आणि पांढऱ्या-काळ्या केसांची कोलोबस माकडेही अशीच बाहेरून आणलेली आहेत. गेंडेही आणले होते, पण शिकाऱ्यांनी ते संपवले.

चिंपांझी हमखास दिसतात, असे मात्र कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. वाटाड्याबरोबर ओल्या, चढउताराच्या वाटेने काही तास चालावे लागते आणि कधी कधी फक्त वरच्या फांद्यांतून ओरडणे तेवढे ऐकू येते. माणसाची सर्दी त्यांना घातक ठरू शकते, म्हणून त्या दिवशी जरा जरी शिंका येत असतील तर आपणहून मागे राहावे.

माझ्या मते बेटाचा खरा रहिवासी सिटाटुंगा आहे. हे दलदलीत राहणारे हरीण. त्याचे खूर लांबट आणि फाकलेले असतात, त्यामुळे ज्या चिखलात आपला पाय घोट्यापर्यंत रुतेल तेथे ते सहज चालते. धोका वाटला की ते पाण्यात शिरते आणि नुसत्या नाकपुड्या वर ठेवून थांबते. ते पाहायचे असेल तर पहाटे होडीतून लव्हाळ्याच्या कडेकडेने, इंजिन बंद करून, न बोलता जावे लागते. (न बोलणे ही अट दोन मराठी माणसांच्या होडीत थोडी कठीणच!) अशाच फेरीत पाणमांजर, पाणघोडे आणि झाडाच्या शेंड्यावर बसलेला मत्स्यगरुड दिसण्याची शक्यता सर्वाधिक असते.

पाणी कितीही मोहक वाटले तरी पोहायचे नाही. पवई आणि विहार तलावांतल्या मगरींच्या बातम्या वाचणाऱ्या मुंबईकराला कारण निराळे सांगायला नको. येथील मगरी तर त्यांच्याहून मोठ्या असतात. शिवाय, गोगलगायींमार्फत पसरणारा बिलहार्झिया हा परजीवीचा रोगही या सरोवरात आहे.

मुंबईहून दार-ए-सलाम किंवा नैरोबीमार्गे म्वांझाला पोहोचता येते. पुढे छोट्या विमानाने थेट बेटावर, अथवा रस्त्याने काठापर्यंत जाऊन होडीने. छोट्या विमानात साधारण 15 किलो सामान चालते आणि तेही मऊ पिशवीत, म्हणून चाकांची कडक बॅग घरीच ठेवावी. हिवतापावरील गोळ्यांबाबत निघण्याच्या काही आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे.

प्रश्न : मुलांच्या मे महिन्याच्या सुटीत रुबोंडोला जावे का? मुले आठ आणि अकरा वर्षांची आहेत.
— एक वाचक, दादर

उत्तर : मे महिना टाळा. मार्च ते मे हा तेथील मोठ्या पावसाचा काळ आहे. जून ते ऑगस्ट हे कोरडे महिने चालण्यासाठी उत्तम, पण तेव्हा आपल्या शाळा सुरू झालेल्या असतात. म्हणून नाताळची सुटी सोयीची पडेल. अधूनमधून सर येईल, परंतु डिसेंबर ते फेब्रुवारीत स्थलांतरित पक्षी आलेले असतात आणि फुलपाखरेही भरपूर दिसतात. चिंपांझींच्या शोधात लहान मुलांना नेत नाहीत, तेव्हा आईवडिलांपैकी एकाने आळीपाळीने मुलांजवळ थांबण्याची तयारी ठेवावी आणि वयाची नेमकी अट आरक्षण करतानाच लेखी विचारून घ्यावी.