ओट्यावरचे साडेतीन फूट

गौरी-गणपती उरकले की या सदराकडे स्वयंपाकघराची पत्रं येऊ लागतात. एरवी चालवून घेतलेली जागा पाहुण्यांच्या चार दिवसांत अंगावर येते. तेव्हा यंदाचं सदर त्याच पत्रांना.

प्रश्न : ताई, आमची डोंबिवलीतली इमारत तीस वर्षांची आहे. स्वयंपाकघर 7 बाय 8 फूट. आठ फुटी भिंतीला कडाप्प्याचा ओटा, समोरच्या भिंतीला फ्रीज. दार आत उघडतं आणि फ्रीजला अडतं. टाइल्स मरून रंगाच्या. पोळ्या मी करते, भाजी सासूबाई करतात. दोघी आत असलो की तिसऱ्याला पाणी प्यायलाही येता येत नाही. माळ्यावर सासूबाईंची पितळेची भांडी आहेत, ती काढायची नाहीत असं त्यांचं म्हणणं. मिस्टर म्हणतात सगळं तोडून मॉड्युलर करू. कोटेशन ऐकून मला घाम फुटला. पांढऱ्या रंगाने आणि आरशांनी जागा मोठी दिसते असं वाचलं. करावं का?

उत्तर : आरसा नको. ज्या घरात रोज फोडणी पडते तिथे ओट्यामागचा आरसा आठ दिवसांत तेलकट होतो, आणि तोवर ओट्यावरची प्रत्येक बरणी दोनदा दिसते. रंगाचं नंतर बघू. आधी दार.

अडीच फुटी दार उघडता-मिटताना जवळपास 5 चौरस फूट जमीन अडवतं. तुमच्या खोलीचे 56 चौरस फूट; त्यातून ओट्याचे 16 गेले, फ्रीजचे साधारण 5 गेले, उरले 35. त्यातले 5 दाराच्या नावावर. तिथे ना डबा ठेवता येत, ना माणूस उभं राहू शकत. सुताराला बोलावून बिजागऱ्या काढून घ्या. दार फेकू नका, घर विकायची वेळ आली तर लागेल. पलंगाखाली आडवं राहतं. बोंबलाचा वास हॉलमध्ये जाईल ही भीती असेल तर बाहेरच्या भिंतीवर सरकणारं दार बसवा. पडदा मात्र लावू नका. शेगडीच्या खोलीत कापड लोंबकळत ठेवायचं नसतं.

मग फ्रीज. खोलीची रुंदी 7 फूट. ओटा 2, फ्रीज सव्वादोन, मध्ये उरले पावणेतीन. एकीसाठी ठीक, पण एक शेगडीशी उभी असताना दुसरीला मागून भाताचं पातेलं घेऊन जायचं तर 4 फूट हवेत. फ्रीज हॉलमध्ये गेला की तुम्हाला 5 मिळतात. हॉलमध्ये फ्रीज ठेवायला हल्ली लोकांना लाज का वाटते कळत नाही. आमच्या लहानपणी तो मुद्दाम हॉलमध्येच ठेवायचे, वर क्रोशाचा रुमाल घालून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. मागे आणि बाजूंना हवा खेळायला जागा सोडा, उन्हाच्या खिडकीपासून लांब ठेवा, झालं. तिसऱ्या माणसाचं पिण्याचं पाणीही त्याच्याबरोबर बाहेर गेलं.

आता खरं दुखणं: ओटा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत त्याच्यावर मिक्सर, मायक्रोवेव्ह, पाण्याचा फिल्टर, भांडी निथळायची जाळी, तेलाच्या दोन किटल्या, चमच्यांचा स्टँड आणि लोणच्याच्या चार बरण्या दिसतात. आठ फुटांचा हिशेब मांडा. सिंकचे 2, शेगडीचे अडीच, उरले साडेतीन. तुमच्या पोळपाट-परातीला 2, सासूबाईंच्या भाजी चिरायला दीड. बसतं की! फक्त मध्ये एकही बरणी आली नाही तर. मी आजवर जी स्वयंपाकघरं लहान म्हणून पाहिली त्यातली बहुतेक मापाने लहान नव्हती, काम करायला जागा उरली नव्हती.

एका रात्री जेवणं आटोपल्यावर ओटा पूर्ण रिकामा करा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या डब्यापासून रात्रीच्या भातापर्यंत ज्याला हात लागेल तेवढंच परत वर चढवा. मिसळणाचा डबा, मीठ, एक तेल, चहा-साखर. फारसं पुढे जात नाही हे. मिक्सरबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. बरेच लोक तो ओट्याखाली ढकलायला सांगतात. पण रोज वाटण लागत असेल तर वाकून ते धूड उचलणं सासूबाईंच्या कमरेला परवडणार नाही. त्याला प्लगजवळ वरच ठेवा. मायक्रोवेव्ह तुम्ही बहुधा फक्त गरम करायला वापरता, तो भिंतीवर ब्रॅकेटवर जाऊ दे. भांड्यांची जाळी सिंकच्या वर टांगा म्हणजे पाणी सिंकमध्येच निथळेल आणि ओल्या ओट्यावरचा फूट-दीड फूट सुटेल. पोळपाट आणि ताटं उभी ठेवा. चार इंचांच्या फटीत सगळी मावतात.

पितळेला हात लावू नका. माळ्यावरचं पितळ तुमच्या ओट्याची इंचभरही जागा खात नाही. ती खातात मिठाईचे रिकामे डबे आणि हॉटेलातून आलेल्या भाजीच्या प्लॅस्टिकच्या डब्या, ज्या ‘लागतील कधीतरी’ म्हणून साठतात. त्या उद्या सकाळी काढा. माळ्यावर पुढच्या रांगेत पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या आणि मोदकपात्र यावं, पितळ त्याच्या मागे. सासूबाईंना म्हणावं, एक-दोन पातेली मात्र कल्हई करून वापरात आणूया. तुम्ही मागितलंत तर त्या आपणहून काढून देतील असा माझा अंदाज आहे.

मॉड्युलरचं थांबवा. कडाप्पा तीस वर्षं टिकलाय, त्याने तुमचं काही वाईट केलेलं नाही. ओट्याखाली तीन ट्रॉल्या पुरे: एक चमचे-वाट्यांची, एक ताटांची, एक कुकर-कढयांची. जिथे सिलिंडर आहे तो कप्पा लाकडाने गच्च बंद करू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून त्या दाराला खालच्या बाजूला जाळी किंवा भोकं हवीतच. इमारतीत पाइपचा गॅस आला की तो कप्पा तुमचा. गव्हाची कोठी तिथे उभी राहील.

रंगाचं आता सांगते. मरून टाइल्सपेक्षा त्यांच्यामधल्या पांढऱ्या रेघा भिंतीचे तुकडे पाडतात. बदलायच्याच असतील तर फिक्या रंगाच्या, मोठ्या मापाच्या घ्या आणि सांधे टाइलच्याच रंगाच्या इपॉक्सीने भरा; हळदीचे डाग त्यावर लवकर बसत नाहीत. पण बदलण्याआधी दिवा बदलून बघा. तुमची ट्यूब खोलीच्या मध्यावर, म्हणजे ओट्याशी उभं राहिलं की पाठीमागे. त्यामुळे आपलीच सावली आपल्या विळीवर. वरच्या कपाटांच्या तळाला, पुढच्या कडेजवळ, एलईडी पट्टी लावा. भिंत उजळली की ती मागे सरकल्यासारखी वाटते. काही घरांत एवढ्यावरच टाइल्सचा विषय संपतो. तुमच्याकडे संपेल की नाही ते मिस्टरांवर अवलंबून.

प्रश्न : तुमचं सदर नियमित वाचतो. वय वर्षं 78, आता मुलुंडला मुलाकडे. आम्ही वरळीला चाळीत 160 चौरस फुटांच्या खोलीत नऊ माणसं राहिलो. आईचं स्वयंपाकघर म्हणजे एक कोपरा. आताच्या सुनांना वेगळी खोली असून ती पुरत नाही, हे कसं?

उत्तर : काका, सुनांना मध्ये घेऊ नका, त्यांच्या नवऱ्यांनाही ती पुरत नाही, फक्त ते तिथे उभे राहत नाहीत.

पण तुमचा प्रश्न चांगला आहे. तुमच्या आईने बहुधा बसून स्वयंपाक केला. स्टोव्ह जमिनीवर, विळी जमिनीवर, परात मांडीपाशी. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून अडीच फुटांवर असतात, म्हणून डोक्यावर भरपूर मोकळी भिंत दिसते. त्या भिंतीवर फळी, फळीवर डब्यांची उतरंड, खाली खुंट्या. पण हे सगळं नजरेच्या वर. आपण ओट्याशी उभे राहिलो आणि तेच डबे नाकासमोर आले. दुसरं म्हणजे तो कोपरा पाळीने वापरला जायचा. जेवणं झाली की स्टोव्ह भिंतीला सरकवायचा, फरशी पुसायची, तिथेच अंथरूण पडायचं. स्वयंपाकघर दिवसातले काही तासच असायचं. आताच्या ओट्याला सुट्टी नाही, म्हणून त्याच्यावर वस्तू मुक्कामाला येतात.

उभ्याने काम करायच्या छोट्या स्वयंपाकघराचा पहिला नेटका विचार जर्मनीत झाला असं मानतात. 1926 मध्ये मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक आराखडा केला: रुंदी 1.9 मीटर, लांबी जेमतेम साडेतीन मीटर. म्हणजे सुमारे 70 चौरस फूट, डोंबिवलीच्या ताईंपेक्षा थोडंसंच जास्त. सरकतं दार, पीठ-तांदळासाठी ॲल्युमिनियमचे ओढायचे खण, त्यांना ओतायला चोच, बसून भाजी चिरायला खिडकीशी फळी आणि फिरतं स्टूल. बाईंची पावलं वाचावीत म्हणून सगळं मोजूनमापून. अशी हजारो स्वयंपाकघरं बांधली गेली. एकच खोट होती: ते एकट्या बाईसाठी होतं, दुसरं कुणी मदतीला आलं तर आत मावायचं नाही. आपल्याकडच्या बिल्डरांनी नेमकं तेवढंच उचललं, खण आणि चोच विसरले.

तुम्ही एक करा. मुलुंडच्या स्वयंपाकघरात खिडकीशी एक स्टूल ठेवायला सांगा आणि मटार सोलायला बसा. किती जागा आहे ते तिथून जास्त चांगलं कळेल, आणि मटारही होतील.

प्रश्न : पुण्यात भाड्याच्या वन आरकेमध्ये आम्ही दोघं राहतो. ओटा चार फुटांचा. मालकांनी भिंतीला एक खिळाही मारायचा नाही अशी अट घातली आहे.

उत्तर : चार फुटांत सिंक धरून असेल तर तुमचा कामाचा ओटा सिंकवर आहे. सिंकच्या तोंडापेक्षा दोन-तीन इंच लांब लाकडी पाट कापून आणा. सिंकवर आडवा टाकला की चिरायची जागा तयार, काम झालं की उभा करून भिंतीला. चाकांची, अरुंद, तीन कप्प्यांची मांडणी घ्या. स्वयंपाकाच्या वेळी ओढायची, एरवी कोपऱ्यात. फ्रीजच्या उघड्या बाजूला चुंबकाचे कप्पे आणि आकडे लावता येतात, तिथे मसाले आणि सांडशी जाईल. खिळा नाही, मालकही खूश. तीन बर्नरची शेगडी घेऊ नका, दोघांना दोन पुरतात. आणि लग्नात आलेला डिनर सेट आईकडे परत पाठवा. ती तुमच्यासाठी सांभाळेल, तक्रार करत.

प्रश्न : नाशिकला आमचा फ्लॅट आहे. हॉल आणि किचनमधली भिंत पाडून ओपन किचन करायचं आहे. मिस्त्री म्हणतो, एका दिवसात पाडतो.

उत्तर : मिस्त्री एका दिवसात पाडेल यात शंका नाही. पण पाडू द्यायची की नाही ते त्याने ठरवायचं नाही. काँक्रीटच्या खांब-तुळयांच्या इमारतीत चार-पाच इंची भिंत बहुतेक वेळा नुसता आडोसा असते. जुन्या, भिंतींवर उभ्या असलेल्या इमारतीत नऊ इंची भिंत वरच्या मजल्याचा भार घेत असते. शिवाय आत पाण्याचा पाइप आणि वायरिंग असू शकतं. जाडी मोजून स्वतः निष्कर्ष काढू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, त्याचं लेखी मत घ्या, मग सोसायटीची आणि पालिकेची परवानगी.

परवानगी मिळाली तरी माझा सल्ला आहे, अख्खी भिंत घालवू नका. ओट्याच्या उंचीपासून वर चारेक फूट रुंद खिडकी काढा. उजेड आणि बोलणं आरपार जातं, वाढप तिथूनच होतं, आणि खालची भिंत राहिल्यामुळे तिला कपाट लागतं. त्या कापासाठीही वर लिंटेल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई, लागेल, इंजिनिअरला तसं आधीच सांगा. भिंत पूर्ण गेली की कपाटांची एक बाजूच जाते, आणि सगळे डबे उरलेल्या ओट्यावर येऊन बसतात. शिवाय पाहुणे सोफ्यावर आणि मिरचीचा ठसकाही सोफ्यावर. ओपन किचन हवंच असेल तर चिमणीचा पाइप बाहेर काढता येतोय का ते आधी बघा. नुसती हवा गाळून परत खोलीत सोडणारी चिमणी आपल्या तळणीपुढे टिकत नाही.

पुढच्या अंकासाठी पत्र पाठवताना खोलीची लांबी-रुंदी, दार कुठल्या बाजूला उघडतं आणि खिडकी कुठे आहे ते लिहा. फोटो पाठवाल तेव्हा ओटा आवरून पाठवू नका.