ब्रिटिश वृत्तपत्रे कोणाच्या बाजूची?

ब्रिटनमधील कोणते वृत्तपत्र हुजूर पक्षाचे, कोणते मजूर पक्षाचे आणि निःपक्षपाती म्हणून कोणते वाचावे, असे आपण विचारले आहे. ढोबळमानाने पाहता डेली टेलिग्राफ, डेली मेल आणि डेली एक्सप्रेस ही हुजूर पक्षाकडे झुकलेली आहेत (‘टोरी’ हे हुजूर पक्षाचे बोलीतले नाव, म्हणून टेलिग्राफला तिथले लोक थट्टेने ‘टोरीग्राफ’ म्हणतात), डेली मिरर १९४५ पासून मजूर पक्षाच्या पाठीशी आहे आणि गार्डियन डाव्या-उदारमतवादी वळणाचे आहे. निःपक्षपातीपणाचे बंधन तेथे नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवर आहे, वृत्तपत्रांवर नाही. त्यामुळे मतदानापूर्वी अग्रलेखातून एखाद्या पक्षाला उघड पाठिंबा देण्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही.

मात्र अशी यादी पाठ करून फारसे हाती लागत नाही, हे ‘सन’ या वृत्तपत्राच्या उदाहरणावरून कळते. कामगार चळवळीशी जोडलेल्या डेली हेरल्डच्या जागी १९६४ मध्ये ‘सन’ निघाले, १९६९ मध्ये ते वृत्तपत्रमालक रुपर्ट मर्डॉक यांनी विकत घेतले आणि १९७९ मध्ये ते हुजूर पक्षाच्या थॅचरबाईंच्या मागे उभे राहिले. १९९२ मध्ये हुजूर पक्षाच्या विजयाचे श्रेय आपलेच, असा मथळा मिरवणाऱ्या या पत्राने १९९७ मध्ये मजूर पक्षाच्या ब्लेअर यांना जवळ केले, २००९ मध्ये मजूर पक्षाला सोडचिठ्ठी दिली आणि २०२४ मध्ये मतदानाच्या आदल्या दिवशी पुन्हा त्याच पक्षाला पाठिंबा दिला. २०१५ मध्ये तर लंडनची आवृत्ती हुजूर पक्षाच्या कॅमेरून यांच्या बाजूने आणि स्कॉटलंडची आवृत्ती स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या बाजूने होती. याला मी निष्ठा म्हणणार नाही. वारा येईल तशी पाठ द्यावी, त्यातला हा प्रकार आहे.

ब्रेक्झिटच्या २०१६ च्या सार्वमताने डावे-उजवे हे मापही अपुरे ठरवले. डेली मेल युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूचे, तर त्याच घरचे मेल ऑन संडे आत राहण्याच्या बाजूचे होते. मर्डॉक यांच्याच मालकीच्या टाइम्सने आत राहावे म्हटले आणि संडे टाइम्सने बाहेर पडावे म्हटले. या दोन्ही घरांत तेव्हा दैनिकाचा आणि रविवारच्या पत्राचा संपादक वेगळा होता, हे येथे लक्षात ठेवावे लागते.

गार्डियनमागे मालक घराणे नसून १९३६ मध्ये स्थापन झालेला स्कॉट ट्रस्ट आहे. डाव्या वळणाच्या या पत्रानेही २०१० मध्ये मजूर पक्षाऐवजी लिबरल डेमोक्रॅट्स या तिसऱ्या पक्षाला पसंती दिली. भांडवलदारांचे समजले जाणारे फायनान्शियल टाइम्स १९९२ मध्ये चक्क मजूर पक्षाकडे वळले होते.

माझे मत असे की, कल अग्रलेखापेक्षा पहिल्या पानावर अधिक दिसतो. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशीची टेलिग्राफ, मिरर आणि गार्डियन यांची पहिली पाने शेजारी ठेवून पाहावीत आणि आकड्यांसाठी फायनान्शियल टाइम्स वाचावे.