सर्दी झाली की पुन्हा सूज येणार का?

"मॅडम, ह्याला शाळेत पाठवूच नको का?" नेफ्रोटिक सिंड्रोमच्या, म्हणजे किडनीतून लघवीवाटे प्रोटीन जाऊन अंगावर सूज येते त्या आजाराच्या, मुलांचे आईबाबा पावसाळा लागला की मला हेच विचारतात. भीती खोटी नाहीये, साध्या व्हायरल सर्दीतापानंतर लघवीतून पुन्हा प्रोटीन जायला लागतं, निम्मे तरी रिलॅप्स, म्हणजे आजार उलटणं, अशाच इन्फेक्शनच्या मागोमाग येतात.

एका सहा वर्षांच्या मुलाच्या आईने शाळा, ग्राउंड, वाढदिवस सगळंच बंद केलेलं. दिवसातून चारपाचदा लघवीतलं प्रोटीन तपासायची स्ट्रिप, सारखं पापण्या दाबून बघणं, वर सासूबाई म्हणणार तूच आईस्क्रीम दिलंस. मी तिला समजावत बसले नाही, मुलालाच विचारलं, शिंक आली की काय करतोस रे?

"बाथरूममध्ये जातो. नळ सोडतो, मग आईला ऐकू येत नाही."

"का पण?"

"मी शिंकलो की आई रडते."

आई बघतच राहिली. मीही गप्प बसले, अशा वेळी मध्ये बोलायचं नसतं हे मला इतक्या वर्षांत कळलंय. मग तीच म्हणाली, "म्हणजे मी एवढं लक्ष ठेवते आणि हा माझ्यापासूनच लपवतोय."

माझं ठाम मत आहे, भीती जा म्हटल्याने जात नाही, तिला दिवसातलं एक ठरलेलं काम द्यावं लागतं. आम्ही ठरवलं, सकाळची पहिली लघवी, एकच स्ट्रिप, प्रोटीन असलं की ती हिरवी होते, तो रंग डबीवरच्या चार्टशी मुलानेच जुळवायचा आणि वहीत लिहायचा. तापात एखाद दिवस थोडं प्रोटीन दिसून जातंही, पण सलग तीन दिवस थ्री प्लस, म्हणजे चार्टवरचं गडद हिरवं, आलं की डॉक्टरांना फोन, सूज यायची वाट बघायची नाही. आणि ह्या आजाराचं औषध, म्हणजे स्टिरॉइड, स्वतःच्या मनाने वाढवू नका, अचानक बंदही करू नका. ब्रिटनमधल्या प्रेडनॉस २ ट्रायलमध्ये सर्दी होताच सहा दिवस रोज थोडा डोस देऊनही रिलॅप्स कमी झाले नव्हते. फ्लू, न्यूमोकोकलच्या लशीचं डॉक्टरांना जरूर विचारा, आणि वर्गात कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी कळवा. आईस्क्रीमचं मात्र सासूबाईंना बोलावून डॉक्टरांकडूनच सांगवलं.

शाळा सुरू झाली, श्रावणात सर्दी झालीच आणि रिलॅप्सही आला. पण "आई, आज पण हिरवं" हे त्यानेच सांगितलं, सूज यायच्या आत औषध सुरू झालं आणि ह्यावेळी ॲडमिट करावं लागलं नाही.