बिनविरोध आमदार आणि ‘नोटा’चं बटण

प्रश्न : २०२४ मध्ये अरुणाचल प्रदेशात ६० पैकी १० आमदार बिनविरोध निवडून आले. ‘नोटा’चा, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असं मत देण्याचा पर्याय २०१३ पासून आहे. मग तिथे निदान ‘नोटा’साठी तरी मतदान का घेतलं नाही?

उत्तर : कायद्याच्या लेखी ‘नोटा’ उमेदवार नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ५३(२) नुसार माघारीची मुदत संपल्यावर जागा एक आणि उमेदवारही एकच उरला, तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने त्याला तिथल्या तिथे निवडून आल्याचं जाहीर करायचं असतं. मतदान घ्यायची मुभा त्याला नाही. त्या १० जणांत मुख्यमंत्री पेमा खांडू (मुक्तो) आणि उपमुख्यमंत्री चौना मेन (चौखाम) होते. गंमत म्हणजे त्याच मतदारांनी १९ एप्रिलला लोकसभेसाठी मत दिलं, तेव्हा यंत्रावर ‘नोटा’ होतंच. आमच्या मते हे कलम बदलायला हवं; मतदाराचा नकार मोजलाच जात नसेल, तर तो हक्क अर्धाच आहे.

प्रश्न : बलाढ्य विद्यमान आमदारासमोर अपक्ष म्हणून उभं राहायचं, तर अर्ज कुठे अडकतो?

उत्तर : बहुतेक वेळा सूचकांपाशी, म्हणजे अर्जावर सही करून उमेदवाराचं नाव सुचवणाऱ्या मतदारांपाशी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघातले हवेत. एक जरी शेजारच्या मतदारसंघाचा निघाला तरी अर्ज बाद. म्हणून प्रत्येकाचा मतदार यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या यादीवरून ताडून पाहा. अंगठा लावणाऱ्या सूचकाला अधिकाऱ्यासमोरच नेऊन अंगठा द्यायला लावा. घरी घेतलेला ठसा चालत नाही. एका उमेदवाराला एका मतदारसंघात चार अर्ज भरता येतात आणि अनामत एकदाच भरावी लागते. तेव्हा दोन अर्ज तरी वेगवेगळ्या सूचकांचे भरा.

अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला ५,०००. अरुणाचलमध्ये ६० पैकी ५९ जागा जमातींसाठी राखीव आहेत, म्हणजे पैशाची अडचण तिथे अनामतीपाशी नसते. शपथपत्रात (नमुना २६) एकही रकाना कोरा सोडू नका. माहिती नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. अर्ज दिल्यावर, छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत उमेदवाराने राज्यघटनेवरील निष्ठेची शपथ घ्यायची राहून गेली तरी अर्ज बाद होतो, आणि ही चूक बरेच जण करतात.

खरा दबाव येतो तो छाननीनंतरच्या दोन दिवसांत. माघारीची नोटीस एकदा दिली की ती मागे घेता येत नाही. उमेदवाराने लेखी अधिकार दिला असेल तर सूचक किंवा निवडणूक प्रतिनिधीही ती नेऊन देऊ शकतो. असा अधिकार आधीच कुणाच्या हाती लिहून देऊ नका.

प्रश्न : पण अशा राज्यात प्रस्थापित आमदार पडतो तरी का?

उत्तर : पडतो. सिक्कीममध्ये १९९४ ते २०१९ सलग मुख्यमंत्री राहिलेले पवनकुमार चामलिंग २०२४ मध्ये पोकलोक-कामरांग आणि नामचेबुंग या दोन्ही जागांवर हरले. तिथे एका मतदारसंघात सरासरी १५ हजारांच्या आसपास मतदार आहेत, त्यामुळे काही गावं फिरली की निकाल फिरतो.