पारदर्शक इलेक्ट्रोडमध्ये संशोधन करायचंय, दादा नको म्हणतो

प्रश्न : मी टीवायबीएस्सीला आहे, विषय फिजिक्स. सौरघटातल्या नॅनोरचनेच्या पारदर्शक इलेक्ट्रोडवर सेमिनार दिला, तेव्हापासून त्यातच संशोधन करावंसं वाटतं. दादा म्हणतो, पॅनेल बसवायचा कोर्स कर, एमएस्सी कशाला? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : दादा सांगतो त्या कामात रोजगार आहे, त्याला कमी लेखू नकोस. पण तुला पडलेला प्रश्न वेगळा आहे आणि तो फिजिक्सचाच आहे.

पारदर्शक इलेक्ट्रोड म्हणजे सौरघटाचा वरचा थर. त्याने उजेड आत सोडायचा आणि तयार झालेली वीज बाहेरही काढायची. थर जाड केला तर वीज सहज वाहते, पण उजेड अडतो. पातळ केला की उलटं. अशा थरासाठी सध्या जास्त करून चालतं ते इंडियम टिन ऑक्साइड. त्यातलं इंडियम दुर्मिळ, जस्ताच्या खनिजातून जोडीने मिळणारं, आणि थर ठिसूळ. म्हणून चांदीच्या नॅनोतारांची, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक तारांची, जाळी पुढे आली : वीज तारांतून, उजेड मोकळ्या जागेतून. शिवाय रचना प्रकाशाच्या तरंगलांबीएवढी असली की किरण तिरपे विखुरतात, आत जास्त अंतर कापतात आणि पातळ घटातही जास्त शोषले जातात. अडचण टिकण्याची आहे. उष्णतेने तारा तुटतात, पेरोव्स्काइट या नव्या प्रकारच्या घटातलं आयोडीन चांदीला खातं. तुझ्यासारखीला काम आहे ते इथेच.

नोकरीचं स्पष्ट सांगते. फक्त नॅनोतारांवरच्या जागा उद्योगात थोड्या आहेत. पण स्पटरिंगने, म्हणजे निर्वातात आयनांचा मारा करून, थर चढवणं आणि ते मोजणं येत असेल, तर हेटरोजंक्शन (दोन प्रकारच्या सिलिकॉनच्या जोडाच्या) सौरघटांचे कारखाने, डिस्प्ले, काचेवरचे लेप असे बरेच दरवाजे उघडतात. म्हणून नावात 'नॅनो' असलेल्या पदवीपेक्षा फिजिक्स किंवा मटेरियल्सचा भक्कम पाया मला जास्त मोलाचा वाटतो.

आयआयटी मुंबईत २०१० पासून सौरघट संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. तिथल्या एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. तुला जवळचं म्हणजे कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, पातळ थरांच्या कामाची तिथे जुनी परंपरा आहे. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर पीएचडीला महिना ३७,००० रुपये मिळतात. हा आकडा दादाला जरूर सांग.

जॅमचा फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो. त्याआधी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी स्प्रे पायरोलिसिसने, म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावण फवारून, टिन ऑक्साइडचे वेगवेगळ्या जाडीचे थर करून बघ. फोर-प्रोब या चार टोकांच्या उपकरणावर रोध मोज, स्पेक्ट्रोमीटरवर पारदर्शकता, आणि दोन्ही एका आलेखावर मांड. पहिले काही थर डागाळतील, पांढुरके होतील. तरी पुन्हा करून बघावंसं वाटलं तर फॉर्म भर. कंटाळा आला तर सोलर प्लांटचं डिझाइन आणि पॅनेलची चाचणी हीही फिजिक्सवालीला शोभणारी कामं आहेत, त्याबद्दल मला पुन्हा लिही.